सात पाचे चाळीस

शिंत्रे बाईंना मुद्दाम एक चूक करायची होती, आणि ती काही केल्या जमत नव्हती.

गडहिंग्लजच्या त्यांच्या घराच्या सोप्यात सतरंजीवर मुलं बसली होती. समोर खुर्चीत बाई. त्यांच्या कमरेला डब्याएवढी एक पेटी आणि गळ्याशी बटणाएवढा स्पीकर. सातचा पाढा चालला होता. "सात चोक अठ्ठावीस," मुलं ओरडली आणि पुढची पाळी बाईंची आली. बाईंनी मनाशी पक्कं केलं, 'सात पाचे चाळीस.'

"सात पाचे पस्तीस," स्पीकर गोड आवाजात म्हणाला.

बाईंनी डोळे मिटले. पुन्हा जोर लावला. चाळीस. चाळीस.

"पस्तीस. सात पाचे पस्तीस."

पहिल्या रांगेतली अक्कू गुडघ्यांवर उठून झेप घ्यायच्या तयारीत होती. ती हळूच खाली बसली आणि शेजारणीला म्हणाली, "बाई आता चुकतच न्हाईत गं."

या घरात शिकवणीचा एकच नियम होता. बाई पाढा म्हणताना मध्येच चुकणार. ज्याने चूक धरली, त्याने "चुकलं!" म्हणून ओरडायचं आणि बाईंच्या खुर्चीत जाऊन बसायचं. बाई सतरंजीवर. पुढची चूक होईपर्यंत गुरुजी तोच. शाळेत नोकरी होती तेव्हापासूनची ही रीत. खुर्चीच्या लोभाने मुलं कान टवकारून बसत, आणि चूक धरायची तर बरोबर काय ते आधी पाठ हवं, म्हणून घरून पाढे घोटून येत. आता मात्र बाईंची चूक त्यांच्या तोंडापर्यंत पोहोचतच नव्हती.

हे कसं झालं, ते सावकाश समजून घेऊ.

आपण बोलायचं ठरवलं की मेंदू जिभेला, ओठांना आणि घशाला हुकूम सोडतो. सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून बाईंच्या मेंदूतून हुकूम निघत होते, पण जिभेकडे जाणारी वाट तुटली होती. उजवा हातही अधू झाला. तेव्हा शस्त्रक्रिया करून त्यांच्या मेंदूवर नखाएवढी, केसाहून बारीक तारांची एक जाळी बसवली. जाळी हुकूम टिपते, बिनतारी पेटीकडे पाठवते आणि पेटी त्यांचा आवाज करते. आवाजही बाईंचाच. शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या जुन्या चित्रफितींमधून तो बांधून घेतला होता.

कुठल्याही संगणकासारखा या पेटीतही एक मुकादम असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कुठलं काम कधी आणि कसं करायचं, ते तो ठरवतो. बाईंच्या पेटीतला पहिला मुकादम साधा होता. जिभेला 'स' म्हणायचा हुकूम आला की 'स' म्हणायचा, 'आ'चा आला की 'आ'. त्याला कुठलीच भाषा येत नव्हती. त्यामुळे बाई हळू आणि अडखळत बोलत, पण जे बोलत ते त्यांचं असे. सीमेवरच्या या गावात घरात निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी चालतं, तेही त्यातून सगळं निघे.

मग कंपनीने नवा मुकादम पाठवला. हा भाषा शिकलेला होता. पहिले चार हुकूम बघून पुढचं वाक्य ओळखायचा आणि झरझर, शुद्ध बोलायचा. चूक दिसली की दुरुस्त करायचा. मराठीत मध्येच कन्नड आलं की त्यालाही तो चूकच समजायचा आणि बाजूला सारायचा. पुष्कळ रुग्णांना त्याने जन्मभराचा आनंद दिला. शिवाय तो मेंदूतल्या विजेवर लक्ष ठेवायचा. झटक्यानंतर बाईंना अधूनमधून फिट येत असे. ती यायच्या आधी काही मिनिटं पेटी वाजू लागायची. नाकात औषधाचा फवारा मारायला तेवढा वेळ पुरे.

बाईंचे यजमान सिद्राम शिंत्रे, मुलांचे आप्पा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले होते. जुन्या मुकादमाच्या काळात त्यांनी बाईंना एकदा पेटत्या शेगडीशेजारी फिट येऊन कोसळताना पाहिलं होतं. नवा आल्यावर ती वेळ पुन्हा आली नाही. एकदा फिट येणार होती, तर पेटी आधीच वाजली. तेव्हापासून आप्पा रोज सकाळी देवाला फूल वाहिलं की एक फूल पेटीलाही वाहत.

*

यास्मिन नाईकवडी बाईंची जुनी विद्यार्थिनी. खुर्ची सगळ्यात जास्त वेळा पटकावलेली. आता कोल्हापूरच्या एका रुग्णालयात अशा पेट्यांचं काम बघायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती भेटायला आली.

"बाई, नवीन सिस्टिम कशी वाटते?"

बाईंना म्हणायचं होतं, 'ही सटवी माझ्या तोंडातला शब्द पळवते!'

"मला या प्रणालीबाबत थोडी अडचण जाणवते," स्पीकर म्हणाला.

यास्मिनला हसू फुटलं. "बाई, तुम्ही असं कधी बोलत होता?"

बाईंनी डाव्या हाताने पाटी ओढली आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'मला चुकायचंय.'

यास्मिनचं हसू मावळलं. तिने पर्समधून काडेपेटीएवढी एक डिस्क काढली. "मला वाटलंच होतं. नवीन टाकायच्या आधी तुमचं जुनं सगळं मी यात उतरवून ठेवलं होतं. तुमच्या मेंदूची सवय त्याला लागलेली, ती पण यात आहे."

"म्हणजे आता नवीन पुसणार?" आप्पा दारातून पुढे आले.

"एक अक्षरही नाही, आप्पा. बघा, पेटी सुरू झाली की आधी एक अगदी छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला काम एकच. मुकादम कुठे आहे ते शोधायचं आणि त्याला हाक मारायची. तो नेहमी पेटीच्या आत शोधतो. आपण त्याला सांगायचं की आधी दारात बघ, बाहेरून कुणी आलंय का. ही डिस्क लावली की जुना मुकादम दारातच भेटतो, आणि नवा आत झोपून राहतो. डिस्क काढून पेटी पुन्हा सुरू केली की नवा कामावर हजर."

"आणि फिट? जुन्याला फिट कळती?"

यास्मिनने मान हलवली. "नाही कळत. इंटरनेटही बंद ठेवावं लागेल, कारण जुन्याची डागडुजी आता कुणी करत नाही, बाहेरून कुणीही आत घुसेल. आणि तुमची बॅटरी नवीन जातीची आहे, तीही त्याला ओळखू येणार नाही. कधी संपेल ते सांगणार नाही तो."

"मग कशाला पाहिजे असलं?"

"आप्पा, तुमच्या अंगणात ती डिझेलची जीप अजून उभी आहे. गावात सगळ्या गाड्या बॅटरीवर चालतात, तुम्ही दर रविवारी तिला चालू करून धूर काढताच की."

"जीपला फिट येत न्हाई," आप्पा म्हणाले आणि आत निघून गेले.

यास्मिनने डिस्क बाईंच्या हातात ठेवली. जाताना तिने आतल्या दाराकडे बघत मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "डॉक्टरांना विचारूनच लावायची, बाई. आणि घरचे हो म्हणाले तरच."

घरचे हो म्हणत नव्हते. डिस्क देव्हाऱ्याच्या फळीवर पडून राहिली आणि सतरंजीवरची मुलं कमी होत गेली. एके दिवशी अक्कूही दप्तर न घेता आली. ती खुर्चीसमोर उभी राहिली आणि पायाच्या अंगठ्याने फरशी घासू लागली.

"बाई, मी उद्यापास्नं येणार न्हाई. आई म्हणती, बरोबर उत्तर तर घरातलं मशीन पण सांगतंय."

बाईंना म्हणायचं होतं, 'नको गं जाऊस.'

"ठीक आहे, तुला शुभेच्छा," स्पीकर गोड आवाजात म्हणाला.

अक्कूने चमकून बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे काही वेगळंच सांगत होते. ती गोंधळली आणि पळत सुटली.

आप्पा आत बसून सगळं ऐकत होते. ते बाहेर आले तेव्हा बाई रिकाम्या सतरंजीकडे बघत होत्या. पाटीवर यास्मिन आली तेव्हाचं वाक्य अजून तसंच होतं. आप्पांनी फळीवरची डिस्क काढली, शर्टाला पुसली आणि डोळ्यांजवळ धरून पाहिली.

"डॉक्टर हो म्हणाले तर," ते म्हणाले. "आणि फक्त शिकवणीपुरतं. मी समोर बसणार. मुलं गेली की काढायची. माझ्याबिगर लावायची न्हाई. कबूल?"

बाईंनी मान हलवली. स्पीकर काही बोलायच्या आत त्यांनी त्यावर हात दाबून धरला.

*

डॉक्टर हो म्हणाले. यास्मिन येऊन पेटीतल्या छोट्या प्रोग्रामला काय ते सांगून गेली. आप्पा स्वतः अक्कूच्या घरी गेले आणि तिच्या आईला म्हणाले, "एक दिवस पाठवा. मग तुमची मर्जी."

पहिल्या दिवशी मुलं आली ती नाइलाजाने. आप्पांनी डिस्क लावली आणि फवाऱ्याची बाटली मांडीवर घेऊन दारात स्टुलावर बसले. पेटीवरचा दिवा बराच वेळ लुकलुकला.

मेंदूला जुनी वाट आठवेल का, याची यास्मिनलाही धाकधूक होती. तिने आप्पांना विचारलं होतं, "तुम्ही घरात कन्नड बोलता, डेपोत मराठी. उंबऱ्यावर कधी अडखळलात?" आप्पा म्हणाले होते, "आम्ही दोन्ही एकदमच बोलतो की गं, अडखळायचं कुठं?" तसंच झालं. दिवा स्थिर झाला आणि स्पीकरमधून खरखरीत, तुटक आवाज आला.

"सा...त पा...चे... चा...ळीस."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. आपण ऐकलं ते खरं, याची कुणाला खात्री वाटेना.

"चुकलं!" अक्कू एवढ्या जोरात किंचाळली की अंगणातली कोंबडी उडाली. "पस्तीस! पस्तीस! बाई चुकल्या!" आणि ती खुर्चीवर चढून बसली. बाई काठी टेकत सतरंजीवर उतरल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि खांदे हसण्याने गदगदत होते. पोरं नाचत होती.

शिकवणी संपली. मुलं गेली. ठरल्याप्रमाणे आप्पा डिस्क काढायला वाकले, तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"ए...न्री..."

अहो ऐकलंत का, अशी कन्नडातली ती हाक. लग्न झाल्यापासून बाई त्यांना अशीच हाक मारत. नवा मुकादम आल्यापासून घरात ती ऐकूच आली नव्हती. आप्पांचा हात डिस्कवरच राहिला.

"बोल," ते म्हणाले.

बाई बोलल्या. मराठी-कन्नडाची खिचडी, अडखळत, चुकत. आप्पा स्टूल ओढून ऐकत बसले. शेवटी डिस्क काढली ती त्यांनीच, पण पुष्कळ उशिरा. त्यानंतर रोज मुलं गेली की थोडा वेळ दोघांचा असे.

दिवस चांगले गेले. बॅटरी मध्येच संपे आणि बाई अर्ध्या शब्दावर थांबत. आप्पा बॅटरी बदलेपर्यंत पुढचा शब्द काय असेल यावर मुलांच्या पैजा लागत. रोज समोर बसून आप्पांनी बाईंना इतकं पाहिलं की एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. डिस्क नसताना पेटी फिटची सूचना देत वाजे, तेव्हा त्याआधीच डाव्या हाताचा अंगठा आपोआप तळव्यात वळलेला असे. डॉक्टर म्हणाले, प्रत्येक वेळी होईलच असं नाही, पण लक्ष ठेवा. श्रावणात एकदा तो वळला. आप्पा उठेपर्यंत अक्कूच ओरडली, "आप्पा, अंगठा!" फवारा वेळेवर बसला. त्या दिवशी बाईंनी मुलांना मेंदूतल्या विजेचाच धडा दिला. भीती वाटलेली मुलं घरी जाताना अंगठ्यांकडे बघत गेली.

*

खंडेनवमीला आप्पांनी दरवर्षीप्रमाणे हत्यारं मांडली. पाने, पक्कड, जॅक, जीपची चावी. शेजारी बाईंची पाटी. मग थोडं थबकून त्यांनी डिस्कही मांडली. रोजच्या कामाचं हत्यार तेही होतंच. त्यांनी सगळ्यांवर पळीने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, मनापासून हात जोडले. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती. कुणी कशाला हात लावायचा नाही.

दसऱ्याला दुपारी मुलं आपट्याची पानं घेऊन येणार होती आणि मग पाढ्यांचं मैदान होतं. कुस्तीच्या मैदानासारखं, जोड्या लावून. सकाळी आप्पांनी नीट चालतंय ना ते बघायला डिस्क लावली आणि दिव्याकडे बघत राहिले.

"दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा," गोड आवाज म्हणाला.

आप्पांनी डिस्क काढून पाहिली. तिच्या तोंडात लालपिवळा चिखल होता.

त्यांनी यास्मिनला फोन लावला. "पाणी शिंपडलं मी. कुंकू वाहिलं. माझ्या हातनं झालं गं पोरी. दुसरी आहे का तुझ्याकडं?"

"नाही, आप्पा. कंपनीने जुन्या सगळ्या प्रती परत मागवून घेतल्या. ही एकच उरली होती. मी आणखी एक करून ठेवायला हवी होती." मग तिचा आवाज सावरला. "ऐका. आता पुन्हा लावू नका. कुंकवात हळद आणि चुना असतो. चुना ओला झाला की त्यातून वीज वाहते, नको तिथे जाते. तुमच्या पेटीला धोका कळला असणार, म्हणून तिने डिस्कला वीजच सोडली नाही. आतलं वाचलं असेल. उघडून साफ करा. स्पिरिट आणि मऊ ब्रश. पूर्ण वाळल्याशिवाय लावायची नाही."

आप्पा वळले. बाई मागेच उभ्या होत्या.

"काही हरकत नाही," स्पीकर म्हणाला. "तुम्ही काळजी करू नका."

आप्पा त्या बटणाएवढ्या स्पीकरकडे बघत राहिले. "हे तू म्हणतीस का तो आतला म्हणतोय?"

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. जे काही म्हणतील ते त्याच आवाजात येणार होतं. त्यांनी आप्पांचा हात धरून दाबला. पण आप्पांना तेवढ्याने बरं वाटलं नाही. लोक काय म्हणतील, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. यालाच नको होती डिस्क, यानेच घालवली. आणि बायकोच्या मनात तसं आलं असलं, तरी हा गोड आवाज ते कधी सांगणार नव्हता.

ते सोप्यात उन्हाच्या तिरिपेला चष्मा लावून बसले. घड्याळजीच्या बारीक पेचकसाने त्यांनी डिस्कचं कवच काढलं. डिझेलच्या पंपाचे केसाएवढे नोझल आयुष्यभर साफ केलेली बोटं आता म्हातारी झाली होती. मध्येच ते थांबत, श्वास सोडत, पुन्हा वाकत. ब्रश, स्पिरिट, फुंकर. पुरणपोळीचं ताट झाकून राहिलं. बाईंनी दोनदा आणून समोर ठेवलं, दोनदा त्यांनी मान हलवली.

मुलं पानं घेऊन आली. आप्पांना असं बसलेलं बघून त्यांनी आपापसांत कुजबुज केली आणि कुणी न सांगता सतरंजीवर रांगा करून बसली. डिस्क उन्हात वाळत होती. बाईंनी वाट बघायला शिकवलेली मुलं होती ती.

अखेर आप्पांनी कवच बसवलं, डिस्क पेटीला लावली आणि कळ दाबली.

दिवा लुकलुकला. विझला. पुन्हा लुकलुकला. आप्पांनी डोळे मिटून घेतले होते, त्यांना ते दिसलंच नाही. त्यांना फक्त खरखर ऐकू आली.

"ऊ...टा... आ...तेन्री?"

जेवलात का, असं बाई विचारत होत्या.

आप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "इल्ल," ते म्हणाले. नाही. मग इकडे वळून, "जेवीन गं. आधी पोरांचं मैदान होऊ दे."

"तुम्ही... के...लंत... ते... पू...जाच... हो...ती," बाई म्हणाल्या. प्रत्येक शब्द वेगळा, जड, त्यांचा स्वतःचा. हे कोण म्हणतंय, असं या वेळी आप्पांनी विचारलं नाही.

बाई मुलांकडे वळल्या. काठी आपटून त्यांनी मैदान सुरू केलं. "सा...त चो...क..."

"अठ्ठावीस!"

"सा...त पा...चे... चा...ळीस."

अक्कूने तोंड उघडलं. पण तिच्याआधी, दाराजवळच्या स्टुलावरून, घोगरा आवाज सोपाभर घुमला.

"चुकलं! पस्तीस!"

सगळी मुलं वळून बघू लागली. आप्पा स्वतःच दचकले होते.

"आप्पांनी धरली," अक्कू म्हणाली. तिला वाईट वाटलं होतं, पण नियम तो नियम. "खुर्ची तुमची, आप्पा. उठा की."

"मी कशाला..."

"उठा ओ! बाई, सांगा की त्यांना!"

बाई आधीच सतरंजीवर उतरून मुलांमध्ये बसल्या होत्या. आप्पा स्पिरिटचा वास येणारे हात धोतराला पुसत उठले आणि खुर्चीच्या टोकावर अवघडून टेकले. मग वाकून त्यांनी शेजारच्या देव्हाऱ्यातल्या करंड्यातून कुंकवाची चिमूट घेतली आणि बाईंच्या पेटीवर, डिस्कपासून लांब, एक बोट टेकवलं. या वेळी कोरडंच.

"हं," बाई खालून म्हणाल्या, "गु...रुजी. पु...ढे."

"सात सक," आप्पा म्हणाले, आणि थोडा विचार करून, मुलांकडे तिरकं बघत, "पन्नास."